आधी काय करशील?

सोलापुरात अभ्यासिकांना तोटा नाही. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, बँक अशा परीक्षांची मुलं पहाटेपासून रात्रीपर्यंत तिथं बसलेली असतात. खुर्चीचं महिन्याचं भाडं, समोर प्लायवूडचा आडोसा आणि भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी. आम्हीही सुरुवातीला अशाच एका अभ्यासिकेत जागा घेतली. पण आमचा अभ्यास गप्प बसून होण्यातला नव्हता. एकानं प्रश्न वाचायचा, दुसऱ्यानं उत्तर द्यायचं आणि उरलेल्यांनी ‘का?’ विचारायचं, अशी त्याची रीत पडत गेली. त्या ‘का?’वरून आवाज चढायचे, शेजारची मुलं मान वर करून बघायची. मग आम्ही तिथून उठलो आणि अक्कांच्या घरी बसू लागलो.

आम्ही चौघं एकाच खासगी रुग्णालयात. मी आयसीयूत. अक्का मेडिसिन वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर. त्यांच्या घरी तेलुगू बोलतात आणि सगळं रुग्णालय त्यांना अक्काच म्हणतं. कॅज्युअल्टीतले ब्रदर अक्कलकोट तालुक्यातले, घरी कन्नड. चौथी लेबर रूमची, माझ्याच बॅचची, मंगळवेढ्याकडची. परीक्षा होती एनक्लेक्स, म्हणजे अमेरिकेत रजिस्टर्ड नर्स म्हणून काम करण्याचा परवाना मिळण्यापूर्वी द्यावी लागते ती. कॅनडातले बहुतेक प्रांत २०१५ पासून तीच परीक्षा घेतात आणि ऑस्ट्रेलियानंही २०२० पासून परदेशी नर्सेससाठी ती लावली आहे.

आपल्याकडे अशी वेगळी परवाना परीक्षा नाही. जीएनएमची बोर्डाची परीक्षा किंवा नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची बी.एस्सी. पास झालात, की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि नावापुढे आर.एन.आर.एम. लागतं. बोर्डाच्या पेपरात आम्ही व्याख्या लिहिल्या होत्या, आकृत्या काढल्या होत्या, ‘न्यूमोनियाच्या रुग्णाची शुश्रूषा’ अशी पानंच्या पानं भरली होती. त्या लिखाणाला मी कमी लेखत नाही. पाया त्यातूनच झाला. एनक्लेक्सची चाल मात्र वेगळी. प्रत्येक उत्तरानंतर संगणक पुढचा प्रश्न निवडतो. उत्तर बरोबर आलं तर पुढचा अवघड, चुकलं तर सोपा. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, वेळ पाच तास. तुम्ही पास होण्याच्या रेषेच्या वर आहात की खाली, याची ९५ टक्के खात्री पटली की परीक्षा तिथंच थांबते. एप्रिल २०२३ पासून त्यात पूर्ण केसेस आल्या. एकाच रुग्णाची कहाणी उलगडत जाते आणि त्यावर सहा प्रश्न: काय दिसलं, त्याचा अर्थ काय, सगळ्यात धोक्याचं काय, काय करता येईल, काय कराल आणि केल्यावर फरक पडला का.

पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न आला. रुग्णाला रक्त लावून काही मिनिटं झाली आहेत. त्याला थंडी वाजते, कंबर दुखते. नर्स आधी काय करेल? पर्याय चार: डॉक्टरांना कळवणे, रक्त बंद करणे, ताप मोजणे, पांघरूण देणे. आम्हा चौघांपैकी तिघांनी ‘डॉक्टरांना कळवणे’ म्हटलं. उत्तर अर्थातच रक्त बंद करणे. मग नवी नळी जोडून सलाईननं शीर चालू ठेवायची, मग कळवायचं.

ब्रदर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण आपण हेच करतो की. रक्त चालू ठेवून कोण फोन लावत बसतंय?”

ते खरं होतं. त्यांच्या हातून कॅज्युअल्टीत असं रक्त बंद झालेलं मी स्वतः पाहिलं आहे. आधी हात क्लॅम्पकडे गेला, मग फोनकडे. तरी ‘आधी काय केलंत’ असं विचारल्यावर आमच्या तोंडून ‘डॉक्टरांना कळवलं’ हेच येत होतं. नर्सेस नोट्समध्येही आम्ही तेच लिहितो. रात्री तीनला रुग्णाचा श्वास घुसमटला, आपण पलंगाचं डोकं उंच केलं, सक्शन केलं, ऑक्सिजनचा मास्क बदलला, नाडी पाहिली आणि मग फोन केला. कागदावर उरतं एवढंच: ‘डॉक्टर इन्फॉर्म्ड’. मधल्या चार मिनिटांत एका माणसानं विचार करून चार निर्णय घेतले, त्यांची कुठे नोंदच नाही. मला वाटतं, त्या संध्याकाळी आमचा खरा अभ्यास सुरू झाला. परीक्षा आमच्याकडून नवीन काही मागत नव्हती. जे हात रोज करतात ते कारणासह तोंडानं सांगा, इतकंच ती म्हणत होती. आणि तेच आम्हाला येत नव्हतं, कारण आजवर आम्हाला ते कुणी विचारलंच नव्हतं.

अक्कांचं घर कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांनी लढून मिळवलेली ही दहा हजार घरांची वसाहत सोलापूरकरांना माहीत आहे. घरं लहान. आम्ही बाहेरच्या खोलीत चटईवर पुस्तकं पसरायचो आणि दाराशी उजेडाला अक्कांच्या आई सूप मांडीवर घेऊन विड्या वळत असायच्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोऱ्यानं बांधायचं. बोलता बोलता हात चालूच. आणि मधूनमधून खोकला.

सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसांच्या त्या जुनाट आजाराचा, धडा आम्ही त्या खोकल्याच्या साक्षीनं केला. अशा रुग्णाला ऑक्सिजन सरसकट वाढवायचा नसतो, पातळी ८८ ते ९२ टक्के ठेवायची असते, हे सगळ्यांना पाठ होतं. का, हे सांगताना मात्र मी अडखळले. लेबर रूमवालीनं मला तीनदा थांबवलं. “नुसतं ‘कार्बन डायऑक्साइड वाढतो’ म्हणू नकोस, कसा वाढतो ते सांग.” शेवटी वहीत फुप्फुसाचं चित्र काढून, हवा कुठे जाते आणि रक्त कुठे जातं हे बोट ठेवून सांगितलं तेव्हा तिची मान हलली. ओठ आवळून हळू श्वास सोडायची पद्धत अक्कांनी त्याच वेळी आईंना शिकवली. नाकानं श्वास घे, शीळ घालताना करतो तसे ओठ कर, घेतला त्याच्या दुप्पट वेळ लावून सोड. अक्का त्यांना तेलुगूत सांगत होत्या आणि आम्ही परीक्षकासारखे ऐकत होतो: पायरी सुटली का, कारण सांगितलं का, शेवटी करून दाखवायला लावलं का? शिकवलेलं रुग्णाकडून परत करून घेतल्याशिवाय शिकवणं पूर्ण होत नाही, हा एनक्लेक्सचा आवडता मुद्दा. आमच्या डिस्चार्जच्या वेळी हे कधी होतं? हातात फाइल, गोळ्यांवर खुणा, ‘कळलं ना?’ आणि ‘हो’.

चौघांच्या चार विभागांचा फायदा असा, की प्रत्येक विषयाला घरचा जाणकार होता. मॅग्नेशियम सल्फेट लेबर रूमवालीनं शिकवलं, आणि मी ते कुठल्याही वर्गात इतकं नीट शिकले नव्हते. गर्भारपणातल्या झटक्यांसाठी आपल्याकडे प्रिचर्ड पद्धत चालते: आधी ४ ग्रॅम शिरेतून, दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम, मग दर चार तासांनी ५ ग्रॅम. तिकडच्या पुस्तकांत पंपावरून सतत थेंब. औषध तेच, धोका तोच, म्हणून पाहायच्या गोष्टीही त्याच: गुडघ्याचा झटका, श्वासाची गती, तासाची लघवी, आणि उशाशी कॅल्शियम ग्लुकोनेट. श्वासाचा आकडा मात्र वेगळा. आमच्या लेबर रूमच्या तक्त्यावर मिनिटाला १६ च्या खाली गेला तर पुढचा डोस नाही. अमेरिकी पुस्तकांत १२. तिनं दोन्ही आकडे आम्हाला पाठ करायला लावले आणि बजावलं, “परीक्षेत बारा, ड्युटीवर सोळा. ड्युटीवर बारा म्हणालात तर माझ्याशी गाठ आहे.” मग स्वतःचा पाय चटईच्या कडेवरून सोडून गुडघ्याचा झटका कसा तपासायचा ते प्रत्येकाकडून करून घेतलं.

सगळ्यात मोठं भांडण झालं ते संवादाच्या प्रश्नांवर. रुग्ण म्हणतो, मला ऑपरेशनची भीती वाटते. नर्स काय म्हणेल? ‘काळजी करू नका, सगळं नीट होईल’ हा पर्याय तिथं नेहमी चुकीचा. खोटा दिलासा म्हणून.

अक्का उखडल्याच. वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्या मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये आणि दखनीत किती जणांना बोलल्या असतील! त्या म्हणाल्या, “माणूस घाबरलेलं असतं. धीर द्यायचा नाही तर काय? आपल्या हातात दुसरं असतं तरी काय?” मी परीक्षेची बाजू घेतली, कारण मला गुण हवे होते. ब्रदर अक्कांच्या बाजूनं. त्या दिवशी प्रश्न तसाच सोडून उठलो.

पुढे अक्कांच्या वॉर्डात एक विडी कामगार बाई अँजिओग्राफीसाठी दाखल झाली. रात्रभर जागी, सारखी बेल वाजवत होती. ड्युटीवरच्या पोरींनी दोनदा धीर दिला. अक्का सकाळी लवकर आल्या आणि तिच्याजवळ स्टूल घेऊन बसल्या. विचारलं, “भीती नेमकी कशाची वाटती?” तिनं उजवं मनगट पुढं केलं. इथून सुई घालणार असं तिला सांगितलं होतं. हाताला काही झालं तर विडी कशी वळू, हे तिचं भय. हृदयाचं नव्हतंच. मग अक्कांनी सांगितलं: पट्टा किती तास राहील, बोटं कधी हलवायची, सूज आली तर कुणाला दाखवायचं, किती दिवस जड काम नको, कापायला कधी बसता येईल. बाईनं नंतर बेल वाजवली नाही.

संध्याकाळी आम्हाला हे सांगताना अक्कांनी पुस्तकाचं नावही काढलं नाही. पण धीर द्यायचं त्यांनी सोडलेलं नाही, हेही मला सांगितलं पाहिजे. आधी विचारतात, मग सांगतात, आणि शेवटी खांद्यावर हात ठेवून तेच जुनं वाक्य म्हणतात. मला त्यात काही चूक वाटत नाही. सगळं समजावून झाल्यावर म्हटलेलं ते वाक्य पोकळ उरत नाही.

दुसरा वाद आजही मिटलेला नाही. रुग्णाला त्याचा आजार सांगायचा की नातेवाइकांना? एनक्लेक्सचं उत्तर सरळ आहे: माहिती रुग्णाची, निर्णय रुग्णाचा; मुलगा असो की बायको, रुग्णाच्या परवानगीवाचून एक शब्द नाही. आमच्या कॅज्युअल्टीत रुग्णामागे आठ माणसं येतात, मोठा मुलगा फाइल हातातून सोडत नाही आणि दाराबाहेर घेऊन म्हणतो, “सिस्टर, बाबांना कॅन्सरचं बोलू नका.” ब्रदरांचं म्हणणं, ज्या माणसाचा सगळा भार घरच्यांनी उचललाय त्यांना बाजूला सारून त्याला एकट्याला सांगणं हा त्याच्यावरच अन्याय. मी एवढ्यावर आले आहे: रुग्णानं सरळ विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. ‘तुम्हाला स्वतःच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यावंसं वाटतं?’ असं आधी त्यालाच विचारेन आणि तो सांगेल ते डॉक्टरांपर्यंत पोहोचवेन. काही जण खरंच म्हणतात, पोरालाच सांगा. तो त्यांचा निर्णय असतो, आणि तो त्यांनी घेतलेला असतो. ब्रदरांना हे अर्धंच पटतं.

काही भाग आम्ही नुसताच घोकला. हिमदंश झालेला पाय कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचा, हे आम्ही मे महिन्यात, पारा ४३ वर असताना पाठ केलं. वजन पौंडात. उलट आमच्याकडे रोज येणारं विषबाधेचं काम, फवारणीच्या औषधानं बाहुल्या टाचणीएवढ्या झालेला माणूस, ॲट्रोपिन किती वेळानं पुन्हा द्यायचं, घोणस चावल्यावर काचेच्या नळीत वीस मिनिटं रक्त ठेवून गोठतं का पाहायचं, हे तिथं फारसं विचारत नाहीत. ब्रदर त्यात इतके तरबेज, की ऐकताना वाटायचं, या माणसाला परवाना द्यायला आणखी काय तपासायचंय? पोटॅशियमच्या आहारात तिकडची फळं होती. अक्कांनी यादी बदलून आपली केली: शहाळं, केळी, बटाटा, टोमॅटो. आणि डायलिसिसच्या रुग्णासाठी फॉस्फरसच्या रकान्यात शेंगदाणा. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी कमी करायला सांगणं हे नर्सिंगचं सगळ्यात अवघड काम आहे, असं त्या म्हणायच्या, आणि ते अगदी मनापासून.

कामं वाटून देण्याचे प्रश्नही असेच. कोणतं काम सहायकाला देता येतं, कोणतं नर्सनंच करायचं? स्थिर रुग्णाचा रक्तदाब सहायकानं घेतला तर चालतो. पहिली तपासणी, शिकवणं आणि निर्णय मात्र नर्सचे. आम्ही सहायकाच्या जागी आमच्या मावशी आणि मामा ठेवून विचार केला. तेव्हा दिसलं, की आमचा निम्मा दिवस औषधांचे इंडेंट, बिलिंगचे फोन आणि विम्याच्या कागदांत जातो, आणि रुग्णाला शिकवायचं काम ज्याला सुचेल त्याच्यावर पडतं. हे बदलायला माणसं वाढवावी लागतील. ते आमच्या हातात नाही, म्हणून ते बोलायचंच नाही असं मी मानत नाही.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगते. परीक्षेचे २०० डॉलर, देशाबाहेर केंद्र घेतल्याचे आणखी १५०, त्याआधी शिक्षणाची पडताळणी, इंग्रजीसाठी ओईटी. बायकांच्या बाबतीत नावाचं वेगळं प्रकरण. कौन्सिलच्या नोंदणीवर माहेरचं नाव, पासपोर्टवर नवऱ्याचं, मधलं नाव कुठे वडिलांचं तर कुठे त्याचं. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र आणि परवानगीपत्र यांतलं नाव जुळलंच पाहिजे. शिकणाऱ्या मुलींना मी आता पहिली सूचना हीच करते, की अर्ज करण्याआधी सगळी कागदपत्रं एका ओळीत मांडा आणि नावं वाचा.

केंद्र आम्ही हैदराबादचं घेतलं. सोलापूरहून ते मुंबईपेक्षा जवळ, आणि अक्कांच्या मावशीचं घर तिथं. एकत्र अभ्यास केला तरी प्रत्येकाचे प्रश्न वेगळे, बाहेर आल्यावर तुलना करायची सोय नाही. प्रश्न बाहेर न सांगण्याचं बंधन असतं आणि आम्ही ते पाळलं. अक्का, ब्रदर आणि मी पास झालो. लेबर रूमवालीनं गरोदरपणामुळे तारीख पुढे ढकलली.

पास होणं म्हणजे विमानात बसणं नव्हे, हे अनेकांना माहीत नसतं. अमेरिकेत नर्सला ज्या ईबी-३ वर्गातून कायमचा व्हिसा मिळतो, त्यात भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. फिलिपिन्सची नर्स आणि आपली नर्स एकाच दिवशी पास झाल्या तरी आपलीला कितीतरी अधिक वाट पाहावी लागते, कारण दर देशाला मर्यादा आहे. जीएनएमनंतर अक्कांनी पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं होतं, त्याचा उपयोग होऊन त्या ऑस्ट्रेलियाच्या मार्गानं गेल्या. तिथं एनक्लेक्सनंतर प्रत्यक्ष कामाची परीक्षा होते. मी आणि ब्रदर सोलापुरातच आहोत.

आपल्या शहराला परदेशी गेलेल्या डॉक्टरचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. १९३८ साली चीनला गेलेले द्वारकानाथ कोटणीस इथलेच. त्यांची पत्नी गुओ छिंगलान नर्स होती, नर्सिंग शिकवणारी होती, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. अक्का निघाल्या तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या पगाराची चौकशी केली. तिथं कुठला वॉर्ड आहे, काय काम आहे, हे विचारणारी त्यांची आई एकटीच.

आता आठवड्यातून एकदा, दुपारची ड्युटी लागायच्या आधी, आम्ही नव्या स्टाफला घेऊन बसतो. परदेशी जायचं असो वा नसो. कुणीतरी आपल्या वॉर्डातली केस सांगतं आणि बाकीचे ‘आधी काय करशील?’ आणि ‘का?’ विचारतात. नोट्स लिहिण्यावर माझा विशेष कटाक्ष असतो: वेळ, काय दिसलं, काय केलं, काय फरक पडला आणि मग कुणाला कळवलं, याच क्रमानं. परवा एका नव्या मुलीच्या नोंदीत वाचलं: ‘पहाटे ४.१०. घाम, थरथर. साखर ५४. रुग्ण शुद्धीवर, गिळता येतं, म्हणून साखरेचं पाणी दिलं. ४.२५ ला साखर ८२, घाम कमी. डॉक्टरांना कळवलं, रात्रीच्या इन्सुलिनच्या डोसबद्दल विचारलं.’ डॉक्टरांनी राउंडला ती नोंद वाचून सकाळचा डोस कमी केला. पुढच्या वेळी ब्रदर फवारणीच्या विषाची केस आणणार आहेत.